चारा छावणीत वाचलेलं पानिपत



आज एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. आवडलेल्या पुस्तकाबद्दल सगळेच बोलतात. मी बोलणार आहे मला अजिबात न आवडलेल्या पुस्तकाबद्दल, आणि वीसेक वर्षांनी ते परत का उघडलं त्याबद्दल. विश्वास पाटलांची 'पानिपत'. १९८८ साली आलेली ही कादंबरी तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी असेल, कपाटावर नाहीतर पोरांच्या जुन्या वह्यांखाली. चांगली जाडजूड आहे. दार वाऱ्यानं हलू नये म्हणून मी स्वतः ती दाराला लावून ठेवलेली आहे, एवढ्यावरून आमचं नातं कळेल.

माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी सासऱ्यांनी ती आणली. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. दिवसभर रानात राबायचे आणि रात्री जेवणं झाली की ओसरीवर कंदील ठेवून मोठ्यानं वाचायचे. शेजारचे चारपाच जण येऊन बसायचे. आत चुलीपुढं मी आणि सासूबाई. म्हणजे मी 'पानिपत' आधी ऐकली ती भाकरी थापता थापता, अर्धी कानावर, अर्धी तव्याच्या आवाजात. आणि रोज रात्री पुस्तक मिटताना आबा एक वाक्य बोलायचे. बायका बरोबर नेल्या, तिथंच घात झाला. ओसरीवरच्या सगळ्या माना हलायच्या. सासूबाई काही बोलायच्या नाहीत. तवा मात्र जरा जोरात आपटायच्या.

पुस्तकात लेखकानं असं म्हटलंय का, हे बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी आबांचं बोलणं आणि पुस्तक एकच धरलं. एकदा हौसेनं शंभरेक पानं वाचली. घोडे, तोफा, सरदार, त्यांचे भाऊ, त्यांचे पुतणे. कोण शिंदे, कोण होळकर, कोण कुणावर रुसलंय, माझा मेळ बसेना. वाटलं, ही पुरुषांची पुरुषांसाठी लिहिलेली गोष्ट आहे, आणि त्यात आपल्या वाट्याला काय, तर घात केल्याचा ठपका. मिटवून टाकली.

मग आला २०१२-१३ चा दुष्काळ. माण-खटाव, आटपाडी, सांगोला, इकडच्या बायांना तो सांगायला नको. आबा तोवर गेले होते. घरचे मुंबईला कामाला, पोरं शाळेत. दोन बैल, एक म्हैस आणि तिचं रेडकू घेऊन मी चारा छावणीत राहायला गेले. वरती हिरवी जाळी, खाली कडब्याचं अंथरूण. मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो चारा, लहानाला त्याच्या निम्मा. सकाळी उसाची मोळी तोलून घ्यायची, टँकरला नंबर लावायचा, शेण उचलायचं, आणि मग काय? मग काहीच नाही. बसायचं. छावणीत सगळ्यात जड असतो तो वेळ. आबांची 'पानिपत' मी तिथं नेली होती ती खरं तर उशाला घ्यायला. एका संध्याकाळी उघडली, आणि एका शब्दापाशी थांबले. छावणी.

हा शब्द मी पूर्वीही वाचला असणार. पण तेव्हा छावणी म्हणजे माझ्या डोळ्यापुढं तंबू, झेंडे, नाटकातल्यासारखं काहीतरी यायचं. आता छावणी म्हणजे काय हे माझ्या नाकाला माहीत होतं. पानिपतला मराठ्यांची छावणी अडीच महिने एका जागी पडून होती. अडीच महिने! मी रेडकाकडं बघितलं आणि पहिला विचार आला, शेणाचं काय करत असतील?

इथून पुढं मी कादंबरी वेगळीच वाचली. शेवटाकडची लढाई मी अजूनही भरभर उलटते. पण धान्याचं, चाऱ्याचं, वाट बघण्याचं जिथं जिथं आलंय तिथं मी सावकाश जाते. कादंबरीत ही उपासमार आहे, आणि ती लेखकानं जीव लावून लिहिली आहे. लेखकाचा खरा जीव भाऊसाहेबांवर आहे, ते असो. कादंबरी ती कादंबरी. माणसं काय बोलली हे त्यात रचलेलं असतं. म्हणून छावणीतून घरी आल्यावर मी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं पानिपतावरचं इतिहासाचं पुस्तक मिळवून वाचलं, आणि काशिराज पंडितांनी लिहून ठेवलेली हकीकतही. हे काशिराज मूळचे दक्षिणी, पण अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होते, म्हणजे लढाईच्या वेळी अब्दालीच्या बाजूच्या गोटात. त्या दोन्हींच्या आधारानं आता पुढचं सांगते.

१७६० च्या जानेवारीत दत्ताजी शिंदे यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडले. अफगाणिस्तानचा बादशहा अहमदशहा अब्दाली दिल्लीच्या मुलखात येऊन बसला होता आणि रोहिल्यांचा नजीबखान त्याच्या जोडीला होता. ही बातमी दक्षिणेत पोचली तेव्हा सदाशिवरावभाऊ उदगीरला निजामाला हरवून नुकते मोकळे झाले होते. आपल्या जालना जिल्ह्यातल्या परतूरला पेशव्यांची बैठक बसली, आणि मार्च महिन्यात फौज उत्तरेला निघाली. भाऊ तेव्हा तिशीच्या आतबाहेर. बरोबर पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, तो तर विशीच्या आतला.

या फौजेबरोबर बायका होत्या. भाऊंची बायको पार्वतीबाई होत्या. नाना फडणवीस, जे पुढं एवढे मोठे कारभारी झाले, ते तेव्हा एकोणीस वर्षांचेही झाले नव्हते, तेही होते, आणि त्यांची आई नि बायकोही. नानांनी स्वतः आपली हकीकत लिहून ठेवली आहे, त्यात हे येतं. आईला उत्तरेची तीर्थं करायची होती. मथुरा, प्रयाग, काशी, कुरुक्षेत्र. आज आपण गटातल्या बाया मिळून एसटी ठरवून जातो. त्या काळी एवढ्या लांब एकट्यादुकट्या कुटुंबानं जायचं म्हणजे वाटेत लुटलं जायचं. मोठ्या फौजेच्या सोबतीनं जाणं ही त्यातल्या त्यात सुरक्षित वाट. मराठ्यांच्या फौजा त्याआधी थेट अटकेपर्यंत जाऊन आल्या होत्या. ही फौज हरेल असं निघताना कुणाच्या मनात आलं असेल?

पण फक्त सरदारांच्या बायका नि यात्रेकरू एवढेच नव्हते. लढणारे सगळे मिळून पन्नाससाठ हजार धरतात, आणि न लढणारे त्याहून जास्त. अंदाज वेगवेगळे आहेत, पण न लढणारे जास्त होते याबद्दल फारसा वाद नाही. या माणसांना शब्द होता बुणगे. बाजारबुणगे म्हणतो ना आपण, ते हे. आज तो शब्द शिवीसारखा वापरतात. सभेला भाड्यानं आणलेल्या गर्दीला म्हणतात, आले बाजारबुणगे. मीही म्हटलेलं आहे.

आता हे बुणगे करत काय होते, ते बघा. त्या काळी शिपायाला सरकारकडून शिजलेलं जेवण मिळत नसे. पगार मिळायचा, तोही थकत थकत, आणि त्यातून त्यानं छावणीतल्या बाजारातून पीठमीठ विकत घ्यायचं. म्हणून फौज निघाली की तिच्याबरोबर अख्खा बाजार निघायचा. वाणी, धान्य वाहणारे बंजारे, नाल ठोकणारे, खोगीर शिवणारे, घोड्यांना खरारा करणारे मोतद्दार, पाणी वाहणारे भिस्ती, गवत कापून आणणारे, दळणारे, रांधणारे. फौजेच्या पोटाचं सगळं काम यांच्याकडं. लढाईच्या पुस्तकांत यांना ओझं म्हणतात. ओझं होतं, ते मी नाकारत नाही. बायका, सामानसुमान आणि बुणगे मागं सुरक्षित किल्ल्यात ठेवा, असा सल्ला भरतपूरचा सूरजमल जाट यानं भाऊंना दिला होता असं काशिराज सांगतात, आणि तो सल्ला शहाणपणाचा होता. तो ऐकला गेला नाही. पण तो न ऐकण्याचा निर्णय काही दळणाऱ्या बाईनं घेतला नव्हता.

असो. फौज दिल्लीला पोचली. ऑगस्टमध्ये दिल्ली हातात आली, पण दिल्लीत खायला काही नव्हतं. पैसा संपत आला. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी भाऊंनी काढली आणि वितळवून सुमारे नऊ लाख रुपये पाडले. आपल्याकडंही घरात दाणा नसला की बाईच्या अंगावरचं मोडतात, तसं हे छताचं मोडलं म्हणायचं. ते किती दिवस पुरणार? ऑक्टोबरात वर कुंजपुऱ्यावर चाल केली. तिथं शत्रूचा धान्याचा साठा होता. कुंजपुरा पडला, गहू मिळाला, माणसं पोटभर जेवली. तिथून कुरुक्षेत्र जवळ, यात्रेकरूंना वाटलं आता स्नान घडणार.

आणि इथं सगळं फिरलं. यमुनेला पूर होता, तो ओसरत आला होता. अब्दाली पलीकडच्या तीरावर होता. ऑक्टोबर संपता संपता तो बागपतजवळ नदी उतरून अलीकडं आला. म्हणजे झालं काय, तो दिल्ली आणि आपल्या फौजेच्या मध्ये येऊन उभा राहिला. घरी जाणारी वाट त्याच्या पाठीमागं गेली. आपल्या फौजेचं तोंड दक्षिणेला, घराकडं, आणि मध्ये शत्रू. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पानिपत गावाजवळ छावणी पडली, भोवती खंदक खणला, आणि दोन्ही फौजा एकमेकींकडं बघत बसल्या.

आता आपण जरा हिशोब करू. छावणीत बसून मी हा हिशोब वहीच्या पाठीमागं केला होता. माझा आहे, ढोबळ आहे. माणसं लाखभरच धरा, होती त्याहून जास्त. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य. झालं ५०० क्विंटल. पन्नास किलोची हजार पोती, रोज. बैलगाडीत दहा क्विंटल धरलं तर रोज पन्नास गाड्या आत आल्या पाहिजेत. आता घोडी. पन्नास हजार धरू. घोड्याला नुसत्या गवतावर पळवता येत नाही, हरभरा लागतो. तीन किलो धरला तर १५०० क्विंटल. माणसांच्या तिप्पट! आणखी दीडशे गाड्या. वर वैरण. आपल्या छावणीच्या मापानं जनावरामागं १५ किलो धरलं तर साडेसात लाख किलो. दहा टनाचे पंच्याहत्तर ट्रक. एका दिवसाला. यात बैल धरलेले नाहीत, उंट नाहीत, हत्ती नाहीत. आणि हे पंच्याहत्तर दिवस चालवायचं, तेही शत्रूच्या स्वारांनी वाटा धरलेल्या असताना.

हा आकडा वहीवर मांडला आणि मला आबांची आठवण झाली. मनात म्हटलं, आबा, यातून बायका वजा केल्या असत्या तरी घोड्यांचा हरभरा कुठून आणला असता?

सुरुवातीला दोन्हीकडं टंचाई होती. गोविंदपंत बुंदेले नावाचे वयस्कर कामाविसदार गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात फिरून अब्दालीची रसद तोडत होते. पतियाळाच्या आलासिंगाकडून आपल्या छावणीला काही धान्य येत होतं. डिसेंबरात अब्दालीच्या स्वारांनी गोविंदपंतांना गाठलं नि मारलं. त्यानंतर अब्दालीकडं रोहिलखंडातून दाणागोटा सुरळीत येऊ लागला आणि आपली नाडी आवळत गेली. जानेवारीत दिल्लीहून पैसे घेऊन निघालेली स्वारांची एक तुकडी धुक्यात वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून शत्रूच्या छावणीत शिरली. वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं. कुणाच्या घरी असं झालेलं नाही? पगार होणार म्हणून सगळे वाट बघताहेत, आणि तो भलतीकडंच जातो.

काशिराज एक प्रसंग सांगतात. छावणीतले हजारो भुकेले लोक, सगळे बुणगेच, एका रात्री खंदकाबाहेर पडून रानात गेले. जळण, पाला, काही मिळेल ते आणायला. अब्दालीच्या गस्तीच्या फौजेनं त्यांना घेरलं आणि कापून काढलं. ही लढाई म्हणून कुठं मोजत नाहीत. शाळेच्या पुस्तकात मला ती कधी दिसली नाही. पण पानिपतावरच्या सगळ्या वाचनात माझ्या मनात घर करून राहिली ती हीच रात्र. सरपणाला गेलेली माणसं. आपण जातो तशी.

शेवटी १३ जानेवारीला सरदार आणि शिपाई भाऊंकडं गेले. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं म्हणाले. कोठारात उरलंसुरलं होतं ते वाटून सगळ्यांनी एकदा जेवून घेतलं. सकाळी निघाले ते तोंडाला नि हातांना हळद फासून, पागोट्यांचे शेव मोकळे सोडून. काशिराजांनी ही हळद मुद्दाम नोंदवली आहे. हळद लग्नात लावतो, जखमेवरही लावतो. ही कशासाठी होती ते ज्यांनी लावली त्यांना ठाऊक.

इथं एक छोटी गोष्ट, कारण दर संक्रांतीला कुणीतरी विचारतंच. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं सर्रास म्हणतात. तारीख १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, हे बरोबर. पण संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढं सरकत असते. स्वामी विवेकानंद जन्मले ते १२ जानेवारी १८६३ ला, आणि तो संक्रांतीचा दिवस होता. त्याच्याही शंभर वर्षं मागं गेलं तर संक्रांत आणखी आधी येते. म्हणजे पानिपतच्या छावणीत संक्रांत लढाईच्या आधीच, उपाशी पोटी होऊन गेली होती. त्या दिवशी तीळ कुणाकडं असतील?

लढाईचं मी थोडक्यात सांगते. ते सांगणारे पुष्कळ आहेत. सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी रोहिल्यांची फळी मोडली होती. दुपारपर्यंत पारडं आपल्याकडं झुकलेलं होतं. दुपारनंतर अब्दालीनं राखून ठेवलेली ताजी फौज आत घातली. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ गर्दीत घुसले ते परत दिसले नाहीत, आणि तासादोनतासांत सगळं विस्कटलं. इब्राहिमखानाला अब्दालीकडून बोलावणं होतं, तो धर्माच्या नावानं गेला नाही. पकडला गेला आणि हाल होऊन मेला. उपाशी घोडी पळूही शकली नाहीत. रात्री अष्टमीचं चांदणं होतं, त्या उजेडात पाठलाग झाला. दुसऱ्या दिवशी छावणीत सापडलेल्या पुरुषांची कत्तल झाली आणि बायकापोरं हजारोंनी गुलाम म्हणून नेली.

नाना फडणवीस वेष टाकून, अनवाणी, झाडापाल्यात लपत सुटले. बायको पुढं सापडली. आई सापडली नाही. तीर्थयात्रेला निघालेली ती बाई. जे सुटले त्यातले कितीतरी उघडेनागडे सूरजमल जाटाच्या मुलखात पोचले. ज्याचा सल्ला ऐकला नव्हता त्यानंच त्यांना खाऊ घातलं, कपडे दिले, वाटखर्चाला पैसे दिले. त्याची राणी किशोरी हिनं या माणसांचं पुष्कळ केलं असं तिकडं सांगतात. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर जखमी होऊन तिथंच गेला. हरयाणातला रोड समाज आपण त्या वेळी मागं राहिलेल्यांचे वंशज आहोत असं मानतो, आणि दर १४ जानेवारीला पानिपतला जमतो.

पराभवाची बातमी दक्षिणेत आली ती एका सावकारी पत्रातून. ते पत्र प्रसिद्ध आहे. सरळ लिहिलं तर वाटेत पकडलं जाईल म्हणून हिशोबाच्या भाषेत लिहिलेलं. दोन मोती गेले, म्हणजे भाऊ नि विश्वासराव. अमुक इतक्या मोहरा गेल्या, म्हणजे सरदार. आणि रुपये नि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत हे पत्र आम्हाला किती हुशारीनं लिहिलंय म्हणून शिकवलं. हुशारी आहेच. पण दुसऱ्या वाचनाच्या वेळी मी त्या खुर्द्यावर अडकले. गटाचा हिशोब मी अकरा वर्षं लिहिला आहे. आमच्या हिशोबात आधी खुर्दा मोजतात, कारण चूक तिथंच होते.

त्या खुर्द्यातल्या एका माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे, ते सांगते. महादजी शिंदे त्या दिवशी पळताना गाठले गेले, पायावर कुऱ्हाडीचा घाव बसला, आणि मेले समजून ते पडले तिथंच राहिले. त्यांना एका भिस्त्यानं बघितलं. पखालीतून पाणी वाहणारा, राणेखान त्याचं नाव. त्यानं त्यांना आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडं आणलं. महादजी जन्मभर लंगडत राहिले, पण दहा वर्षांनी याच महादजींनी दिल्लीत परत मराठ्यांचा शब्द चालवला. राणेखानाला ते भाई म्हणायचे, पुढं त्याला सरदार केलं. बाजारबुणगा, पाणी वाहणारा. तो त्या दिवशी तिथं नसता तर? या गोष्टीनंतर मी तो शब्द शिवी म्हणून वापरायचा सोडला. कधीकधी तोंडातून जातो अजून, सवय आहे.

पार्वतीबाईंना जानू भिंताडा नावाच्या इमानी माणसानं सुखरूप बाहेर काढलं. त्या पुण्याला परत आल्या. नानासाहेब पेशवे मुलाच्या आणि भावाच्या दुःखानं त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. पार्वतीबाईंनी मात्र भाऊ गेले हे मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. वर्षामागून वर्षं. मध्येच एक माणूस मीच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला, लोक त्याच्यामागं गेले, कोकणात त्यानं किल्ले घेतले, आणि १७७६ मध्ये तोतया ठरवून त्याला देहदंड दिला गेला. या सगळ्या काळात त्या वाड्यात होत्या. लोक काय काय बोलत असतील! लढाईला बायको नेली म्हणून बोलणारे, आणि कुंकू लावते म्हणूनही बोलणारे. मुंबईला किंवा दुबईला गेलेल्या नवऱ्याचा पत्ता नाही, आणि गावाला ठरवता येत नाही हिला काय म्हणायचं, अशा बाया आपल्या गावांत आजही आहेत. त्यांच्या शेजारी मी मनानं पार्वतीबाईंना बसवते.

कादंबरी आता मला आवडते का? तुम्ही विचाराल म्हणून सांगते. सगळी नाही. भाषा ठिकठिकाणी फारच गरजते, वीरश्रीचा धबधबा सुरू झाला की माझं लक्ष उडतं. बायका यायला हव्या होत्या त्याहून कमी येतात असं मला वाटतं. आबांचं वाक्य मात्र मी पुस्तकाच्या माथी मारलं होतं, ते माझं चुकलं. आणि आबांवरही आता तेवढा राग नाही. त्यांनी ऐकलं होतं तेच ते बोलत होते. २०१३ च्या पावसाळ्यात छावणी उठली तेव्हा ते असते तर त्यांना बैल परत आणून दाखवले असते, आणि वहीतला हिशोबही.

सध्या आमच्या गटात दर शनिवारी बैठकीनंतर अर्धा तास ही कादंबरी मोठ्यानं वाचतो. वाचते कुणीही, बाकीच्या शेंगा फोडतात, गोधडी शिवतात. मधली काही पानं सुटली आहेत, ती दोऱ्यानं टाचली. मागच्या शनिवारी कुंजपुऱ्याला पोचलो. गहू मिळाला हे ऐकून सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आणि पुढचं माहीत असलेल्या मी नि आणखी एकजण गप्प बसलो. तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, अगं, गहू मिळाला ते ठीक, पण एवढ्या माणसांना जाती किती लागत असतील, आणि ती वाहून कुणी नेली असतील?

मी तिला म्हटलं, आजी, ते मला अजून कुठं सापडलेलं नाही.